जुनी पोर्श केमन किंवा बॉक्स्टर घेताय? आधी गाडी लिफ्टवर चढवा

केमनचं पुढचं बॉनेट उघडलं की खाली सामान ठेवायचा खोल खण दिसतो. मागचं दार वर उचललं की आणखी एक डिक्की आणि तिच्या कडेला दोन टोप्या, एक ऑइलची आणि एक कूलंटची. इंजिन कुठेच दिसत नाही. ते सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, गालिचा आणि पत्र्याखाली झाकलेलं असतं. बॉक्स्टरचंही तसंच. त्यामुळे ओळखीचा हुशार मेकॅनिक सोबत नेला तरी उभ्या गाडीत त्याला रंग, टायर आणि आवाज यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. या गाडीतलं महागडं दुखणं सगळं झाकलेल्या भागात असतं. ते शोधायला लिफ्ट लागते, इंजिनच्या कॉम्प्युटरशी नीट बोलणारा स्कॅनर लागतो आणि सिलिंडरच्या आत जाणारा बारीक कॅमेरा, म्हणजे बोअरस्कोप, लागतो. जिथे या तिन्ही गोष्टी नाहीत तिथे केलेल्या "दोनशे मुद्द्यांच्या" तपासणीला या गाडीपुरता फारसा अर्थ नाही.

आधी पिढी ओळखा

बाजारात येणाऱ्या गाड्या मुख्यतः ९८७ (२००५ ते २०१२) आणि ९८१ (२०१२ ते २०१६) या पिढ्यांतल्या असतात. त्यानंतरची ७१८ मुळात चार सिलिंडरची टर्बो गाडी, तिचं गणित वेगळं. दिसायला ९८७ सगळ्या सारख्याच वाटतात, पण २००८ पर्यंतच्या आणि मॉडेल वर्ष २००९ पासूनच्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधीच्या गाड्यांत एम९७ घराण्याचं इंजिन आहे. त्यात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे वाल्व्हच्या साखळ्या फिरवणाऱ्या मधल्या दांड्याचं, बेअरिंग असतं. ते फुटलं तर सगळं इंजिन जातं. २००६ च्या सुमारापासून हे बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ केलं गेलं, पण ते बदलायचं तर इंजिनचे दोन भाग सुटे करावे लागतात. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. दोघींच्या किमतीत थोडाच फरक असेल तर २००९ नंतरचीच घ्या, यात आमच्या मनात शंका नाही.

वर्ष आरसीवरून ठरवू नका. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि पोर्शचा नंबर "डब्ल्यूपी०" ने सुरू होतो. त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: ९ म्हणजे २००९, डी म्हणजे २०१३, ई म्हणजे २०१४, एफ म्हणजे २०१५. २००८ साली बनून शोरूममध्ये उभी राहिलेली गाडी २००९ मध्ये नोंदली गेली असेल, तर आरसीवर नोंदणीचं वर्ष २००९ दिसेल आणि इंजिन मात्र जुनं असू शकेल.

लिफ्टचे पैसे भरण्याआधी कागद

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कितवा मालक, बँकेचा बोजा आणि विम्याची मुदत पाहा. थकलेली चलानं वेगळी तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. अशा बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. त्या वेळी सही कोण करणार आणि त्याला तो अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००८-०९ च्या ९८७ ची ती मुदत संपून गेलेली असते. तिचं नूतनीकरण झालंय का आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर भरलाय का, हे आरसीवर बघा. परराज्यातली पाटी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल. गाडी १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर कायद्याने नवी नोंदणी बंधनकारक आहे. पुदुच्चेरी पाटीची गाडी स्वस्त वाटते, पण टॅक्सचा आकडा आरटीओतून आधी काढून किमतीत मिळवा, मग तुलना करा. खासगीरीत्या परदेशातून आणलेली गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याचे कागद मूळ स्वरूपात मागा. "नंतर देतो" असं उत्तर आलं की तिथेच थांबा.

विम्याच्या चालू पॉलिसीत नो क्लेम बोनसचा आकडा असतो. ५० टक्के असेल तर सलग काही वर्षं क्लेम नाही असं वाटतं. पण हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो आधीच्या गाडीवरूनही आलेला असू शकतो. म्हणून मालकाकडून विमा कंपनीला ईमेल करवून या गाडीच्या क्लेमची यादी मागवा. उलट बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते आधी समजून घ्या.

तपासणी ठरवताना

विक्रेत्याची नेहमीची गॅरेज टाळा. अधिकृत वर्कशॉप किंवा पोर्शचं काम रोज करणारा स्वतंत्र तज्ज्ञ, दोन्ही चालतील. फोनवर तीन प्रश्न विचारा: डीएमईचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) ओव्हर-रेव्ह अहवाल, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या नोंदी, छापून देता का, खालची प्लास्टिकची आवरणं काढता का, बोअरस्कोप करता का. एकाचंही उत्तर "गरज नाही" असं आलं तर दुसरीकडे जा. बोअरस्कोपचा खर्च वेगळा लागतो, तो आधी लेखी घ्या.

विक्रेत्याकडून दोन ओळींचं संमतीपत्र घ्या: आवरणं, चाकं आणि स्पार्क प्लग काढायला परवानगी आहे आणि काही तुटलं तर जबाबदारी कोणाची. त्याला दोन गोष्टींची आठवण करून द्या. एक, गाडी रात्रभर बंद राहिली पाहिजे. दुसरी, व्हील लॉकची चावी गाडीत हवी. हा छोटा सॉकेट पुढच्या खणातल्या टूलकिटमध्ये असतो. तो हरवला असेल तर चाकं निघत नाहीत आणि अर्धी तपासणी तिथेच संपते. सगळ्या कामाला चार तास धरा.

थंड स्टार्ट

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे एक्झॉस्टच्या टोकाला हात लावून बघणं. कोमट लागलं तर गाडी आधी चालू केली गेलीय. त्या दिवशी तपासणी पुढे ढकला. थंड स्टार्टला जे ऐकू येतं ते गरम इंजिनात ऐकू येत नाही.

चावी फिरवल्यावर सेकंदभर साखळीची खडखड आली तर चालतं. जास्त वेळ राहिली तर साखळी ताणून धरणारा टेन्शनर किंवा तिचा गाईड झिजलाय. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीत थोडं ऑइल खाली साचतं आणि सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत येऊन थांबतो. त्याला घाबरू नका. धूर मिनिटभर चालू राहिला तर मात्र लिहून ठेवा. ९८७ मध्ये इंजिन चालू असताना ऑइलची टोपी उघडून बघा. हलकी ओढ जाणवणं बरोबर. टोपी निघता निघेना इतकी ओढ असेल आणि मागे पांढऱ्या धुराचा ढग असेल तर एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनमधल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग, गेलाय. ९८१ ला डिपस्टिक नाही. ऑइलची पातळी गाडी सपाट जागी, इंजिन गरम असताना डॅशबोर्डवर मोजावी लागते. ते काम टेस्ट ड्राइव्हनंतर करा.

स्कॅनर: इथे घाई करू नका

स्कॅन करताना बॅटरीला चार्जर लावायला सांगा. बॅटरी पडलेली असेल तर डझनभर खोटे फॉल्ट दिसतात आणि खरा त्यात हरवतो. पोर्शचा स्वतःचा टेस्टर म्हणजे पिविस. बाहेरच्या गॅरेजमध्ये बहुतेकदा ड्युरामेट्रिक असतो. दोन्हींमधून पुढच्या नोंदी मिळतात.

पहिली नोंद इंजिनच्या चालू तासांची. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास, म्हणजे सरासरी वेग. मीटरवर ३८,००० किमी आणि इंजिनचे १,४५० तास असतील तर सरासरी २६ किमी प्रति तास येते. मुंबई-पुण्यात चाललेल्या गाडीला हे शोभतं. त्याच ३८,००० किलोमीटरला ३,४०० तास दिसले तर सरासरी ११ वर येते. नुसत्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीचीही एवढी कमी येणं अवघड. मीटर मागे केल्याचा हा सगळ्यात सोपा पुरावा, कारण डॅशबोर्डवरचा आकडा बदलणारे लोक इंजिनच्या कॉम्प्युटरमधले तास बहुतेकदा विसरतात. जुन्या फॉल्टच्या नोंदीसोबतही तेव्हाचे किलोमीटर साठवलेले असतात. तो आकडा आजच्या मीटरपेक्षा मोठा असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी नोंद ओव्हर-रेव्हची. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर ही सोडूच नका. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकं इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिनचा वेग रोखणारा लिमिटर तिथे काही करू शकत नाही. कॉम्प्युटर हे सहा पातळ्यांत नोंदवतो आणि प्रत्येक पातळीसमोर इग्निशनची संख्या आणि शेवटच्या वेळचा इंजिन-तास लिहितो. पहिल्या दोन पातळ्यांत मोठे आकडे दिसतात. ते लिमिटरला टेकल्याचे असतात, त्यांची काळजी नको. चौथी ते सहावी पातळी महत्त्वाची.

हे आकडे वाचताना एक हिशोब लक्षात ठेवा. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला ३ इग्निशन होतात. ८,००० आरपीएमला सेकंदाला ४००. म्हणजे पाचव्या पातळीत १२ इग्निशन दिसले तर इंजिन तिथे सेकंदाचा साधारण तेहतिसावा भागच होतं. २०० दिसले तर अर्धा सेकंद, आणि तो फार मोठा काळ आहे. घटना कधी घडली हेही तितकंच बोलकं. २१० व्या तासाला घडली आणि आज इंजिनचे १,४५० तास झालेत, म्हणजे त्यानंतर ते १,२४० तास व्यवस्थित चाललंय. सहाव्या पातळीची नोंद मागच्या वीस-तीस तासांतली असेल तर गाडी सोडा. वाल्व्ह स्प्रिंग किंवा बेअरिंगला बसलेला धक्का उद्याही बाहेर येऊ शकतो. पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चुकीचा खालचा गिअर मुळात स्वीकारतच नाही. तिथे वरच्या पातळ्यांत काही दिसलं तर नोंदीतच काही गडबड आहे का ते तपासायला लावा.

तिसरी गोष्ट साध्या ओबीडी स्कॅनरनेही कळते: फॉल्ट पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तिथे "१४ किमी" असं दिसलं आणि रेडिनेसच्या (कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या) सगळ्या चाचण्या अपूर्ण असतील तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी चेक इंजिनचा दिवा पुसलाय. बॅटरी बदलल्यावरही काही गाड्यांत असं होतं. म्हणून बॅटरीची पावती मागा. पावती नसेल तर गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद आहे का तेही याच वेळी विचारून घ्या.

सिलिंडरमध्ये कॅमेरा

एम९७ इंजिनांत, त्यातही ३.४ लिटरच्या एस मॉडेलमध्ये, सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडण्याचा आजार आहे. पिस्टनवरचा लेप झिजतो, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टन भिंतीला घासू लागतो. सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्या बँकेत, म्हणजे ४ ते ६ नंबरच्या सिलिंडरमध्ये होते. बाहेरून दिसणारी लक्षणं म्हणजे गरम इंजिनात एका बाजूने येणारी टकटक, वाढलेला ऑइलचा खप आणि काजळीने माखलेली एक्झॉस्टची टोकं. ती येईपर्यंत काम बरंच पुढे गेलेलं असतं.

सहाही स्पार्क प्लग काढायला लावा. चाक काढलं की खालून हात पोहोचतो. प्लगच्या छिद्रातून कॅमेरा घालताना तो पिस्टन सगळ्यात खाली असला पाहिजे, नाहीतर भिंत झाकलेली राहते आणि अहवालात "सर्व ठीक" येतं. कॅमेऱ्याचं टोक वळणारं हवं. सरळ कॅमेऱ्यात पिस्टनचा माथाच दिसतो. चांगल्या भिंतीवर बारीक, एकसारखी जाळी दिसते. उभी, करडी, नखाने ओढल्यासारखी पट्टी दिसली तर तो ओरखडा. ओरखडे सिलिंडरच्या खालच्या भागात आधी पडतात. म्हणून शंका आली तर ऑइल काढून इंजिनखालचं ऑइलचं भांडं (संप) उघडायचं आणि खालून बघायचं. त्यासाठी विक्रेत्याची वेगळी परवानगी लागेल. २००९ नंतरच्या इंजिनात हा आजार खूपच कमी आहे, पण ९८१ एसवरही प्लग निघालेच असतील तर बघून घ्या. प्रत्येक सिलिंडरचे फोटो नंबर टाकून मागा.

२००८ पर्यंतच्या गाडीत ऑइल फिल्टरही उघडा. कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे, बेअरिंग किंवा साखळीकडून आलेले. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे असतात. प्लास्टिकचे तपकिरी तुकडे साखळीच्या गाईडचे.

खालून आणि नाकासमोरून

आपल्या गतिरोधकांवर ही गाडी घासतेच. आवरणावरचे ओरखडे दुर्लक्षित करा, आवरण काढून वर काय झालंय ते बघा. जॅक लावायच्या जागा चेपल्यात का, ॲल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म वाकलेत का, ऑइलच्या भांड्याला मार बसलाय का. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइलची नुसती ओल असेल तर ती जुन्या गाडीत चालते. थेंब लोंबत असेल तर मागचं मेन सील गेलंय. वॉटर पंपाभोवती वाळलेली गुलाबी पापडी म्हणजे कूलंटची गळती. ९८७ मध्ये कूलंटची टाकी मागच्या डिक्कीच्या बाजूला असते आणि तिला तडे जातात. डिक्कीचा गालिचा उचलून हाताने ओल बघा. खाली असतानाच इंजिन नंबर आरसीशी जुळवा, वरून तो दिसत नाही.

चाकं लोंबत असताना पट्टीने सस्पेन्शनचे बुश उचकून बघा. आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट आणि रबर इथल्या रस्त्यांवर लवकर जातात. हे खर्चाचं काम आहे, गाडी सोडण्याचं नाही.

नाकाकडे मात्र बहुतेक जण बघत नाहीत. पुढच्या बंपरच्या दोन्ही कडांच्या जाळ्यांमागे रेडिएटर आहेत आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. वाळकी पानं, पॉलिथिन, चिखल तिथे जाऊन बसतो. पावसाळ्यात त्याचा लगदा होतो आणि खालच्या कोपऱ्यातला ॲल्युमिनियम त्याखाली कुजतो. टॉर्च मारून त्या खालच्या कोपऱ्यात बघा. जाळीचे पंख बोट लावताच पांढरी भुकटी होऊन गळाले तर दोन्ही बाजूंचे कंडेन्सर गेले असं धरून भाव करा. एसी आज थंड देतोय म्हणून फसू नका, गॅस गेल्या आठवड्यात भरलेला असू शकतो. मुंबई, अलिबाग, गोवा भागातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीला हे जास्त होतं.

पाणी शिरलंय का

या गाडीची बैठक जमिनीला लागून. गुडघाभर पाण्यात सीटपर्यंत पाणी येतं. सीट पूर्ण मागे घेऊन रुळांवरचे स्क्रू बघा. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढा, पाण्याची रेघ पट्ट्यावर राहते. गालिच्याखालचा स्पंज दाबून वास घ्या. वायरी जोडणाऱ्या प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर असेल तर वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं चालतो. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बॉक्स्टरमध्ये पूर न येताही पाणी शिरतं. छताच्या मागच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबतात. छत अर्धवट उघडून प्रत्येक नळीत हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता. ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडलं पाहिजे. छत उघडायला ९८१ ला सुमारे ९ सेकंद लागतात, ९८७ ला १२. वेळ मोजा, दोन्हीकडे एकसारखं सरकतंय का बघा.

रंग

पेंट गेज असा घ्या जो लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखतो. ९८१ ची दारं आणि दोन्ही झाकणं ॲल्युमिनियमची आहेत, नुसता चुंबकी गेज तिथे काही दाखवणार नाही. मूळ रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा रंगवलेलं. ५०० च्या वर पुट्टी. पण इथे पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावलेल्या गाड्या खूप, आणि ती फिल्मच १५० ते २०० मायक्रॉनची असते. सगळीकडे एकसारखं ३०० दिसलं तर दाराच्या कडेला फिल्मची धार शोधा आणि तेवढे मायक्रॉन वजा करा. एकच पॅनल वेगळं बोलत असेल तर त्याचे बोल्ट बघा, पान्याने रंग उडालाय का. बंपर प्लास्टिकचे, तिथे गेज चालत नाही.

टायर, ब्रेक, मग रस्ता

टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होतात. सहा वर्षांपुढचे असतील तर चारही बदलायचा खर्च धरा. एन अक्षर आणि अंक छापलेले टायर पोर्शने मान्य केलेले. पुढे-मागे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी ठिकाणीही काटकसर केली असेल, असं समजून पावत्या बघा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून जुळवा. पिवळे कॅलिपर दिसले तर डिस्क कार्बन-सिरॅमिकच्या. त्यांच्या कडेला टवका उडालेला असेल तर बदलायचा भाव काढूनच बोला.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्धा तास. पीडीके गाडी थंड असताना पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने पुढे आणि रिव्हर्समध्ये चढावर न्या. गचके तिथे जाणवतात, हायवेवर नाही. मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला कमी वेगावर पूर्ण रेस द्या. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच संपलाय. परतल्यावर गाडी पुन्हा लिफ्टवर घेऊन गरम इंजिनाची गळती बघा.

अहवाल हातात आल्यावर

ओरखडे पडलेलं सिलिंडर, पुराचं पाणी, मीटरचा फेरफार, न जुळणारा इंजिन नंबर यांत भाव करत बसू नका, गाडी सोडा. कंडेन्सर, सस्पेन्शन, टायर, ब्रेक, वॉटर पंप यांचं कोटेशन पार्ट नंबरसह काढून ती रक्कम किमतीतून वजा मागा. चिल्लर फॉल्ट आणि आतली खरचटलेली बटणं सोडून द्या.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या घ्या. तपासणीच्या दिवशी मीटर, चारही टायरचे डीओटी नंबर, बॅटरी, दोन्ही चाव्या आणि टूलकिट यांचे फोटो काढून ठेवलेले असू द्या. डिलिव्हरीच्या दिवशी पैसे पाठवण्याआधी तेच फोटो उघडून एकेक गोष्ट जुळवा. मधल्या काळात चांगले टायर उतरवून जुने चढवल्याचं तेव्हाच लक्षात येतं, नंतर ते सिद्ध करता येत नाही.